बहिरेपण आणि मेंदूची जुळवाजुळव

कानाला इजा झाली की तिचे परिणाम कानापाशी थांबत नाहीत. कानाकडून येणारे संकेत कमी झाले, विस्कटले किंवा बंद पडले की त्यांवर पोसलेला मेंदूतला श्रवणमार्गही बदलू लागतो. काही बदल तासाभरात सुरू होतात, काहींना महिने लागतात. चेतापेशींमधले काही जोड बळकट होतात, काही सुटतात. संकेत दाबून धरणारी यंत्रणा ढिली पडते. रिकाम्या झालेल्या जागा शेजारचे विभाग वापरायला घेतात. यातले काही माणसाच्या उपयोगी पडते, काही त्याला छळते, आणि पुष्कळदा एकच बदल दोन्ही करतो. श्रवणयंत्र लावूनही 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' ही तक्रार का उरते, बहिऱ्या कानात शिट्टी का वाजत राहते, जन्मतः बहिऱ्या बाळाच्या उपचाराची एवढी घाई का करायची, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे या बदलांत सापडतात.

अंतर्कर्णात शंखासारखी वळलेली कॉक्लिया असते. माणसाच्या एका कॉक्लियात सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या रोमपेशी असतात. बाहेरच्या पेशी क्षीण कंपनांना जोर देतात. आतल्या पेशी कंपनांचे विद्युत्संकेत करून ते सुमारे ३०,००० तंतूंच्या श्रवणचेतेकडे सोपवतात. उंच पट्टीचे आवाज कॉक्लियाच्या तोंडाशी उमटतात आणि खर्जाचे तिच्या टोकाकडे. कॉक्लियातली ही हालचाल उलगडणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टीनुसार लागलेली ही रांग पुढच्या सगळ्या टप्प्यांवर टिकून राहते. संकेत आधी मेंदूच्या देठातल्या कॉक्लियर केंद्रात जातात, मग दोन्ही कानांची माहिती जिथे एकत्र येते त्या ऑलिव्हरी केंद्रांत, तिथून मध्यमेंदूत आणि थॅलॅमसमध्ये, आणि शेवटी कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूच्या पृष्ठभागावर असलेल्या श्रवणविभागात. या विभागाचा प्रत्येक पट्टा ठरावीक पट्टीच्या आवाजाला प्रतिसाद देतो, म्हणजे कॉक्लियाचा एक नकाशाच मेंदूत उमटलेला असतो.

वाढते वय, कारखान्यातला किंवा मिरवणुकीतल्या डीजेचा गोंगाट आणि कानाला अपायकारक अशी काही औषधे यांचा पहिला मार सहसा उंच पट्टीच्या रोमपेशींना बसतो. अ, आ, ओ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येत राहतात. व्यंजनांना वेगळेपण देणारा भाग मात्र उंच पट्टीत आणि क्षीण असतो. 'पाट', 'ताट' आणि 'खाट' मग एकसारखेच कानावर पडतात. सस्तन प्राण्यांत मेलेली रोमपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत ती उगवते, हे १९८० च्या दशकात कोंबडीच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत दिसून आले. माणसाच्या वाट्याला ते भाग्य नाही. त्यामुळे उरलेल्या संकेतांवर भागवणे एवढेच मेंदूच्या हाती राहते.

पूर्ण वाढलेल्या मेंदूतही हा नकाशा बदलू शकतो, हे ऑस्ट्रेलियातील डोनाल्ड रॉबर्टसन आणि डेक्स्टर आयर्विन यांनी १९८९ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवले. त्यांनी कॉक्लियाचा एक छोटा भाग निकामी केला. त्या भागाचे संकेत घेणारा मेंदूतला पट्टा काही आठवड्यांनी तपासला, तेव्हा तो मुका पडलेला नव्हता. इजा झालेल्या भागाला लागून असलेल्या पट्टीच्या आवाजांना तो आता प्रतिसाद देत होता. इजेच्या कडेच्या आवाजांना त्यामुळे मेंदूत पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळाली. उंच पट्टीचे ऐकू येणे एका बिंदूपाशी एकदम तुटलेल्या काही माणसांना त्या कडेजवळच्या स्वरांतले बारीक फरक अधिक चांगले ओळखता येतात, असेही आढळले आहे. मात्र हरवलेली व्यंजने यातून परत येत नाहीत, कारण मेंदू जागा वाटून देऊ शकतो, न आलेला संकेत निर्माण करू शकत नाही.

नकाशातल्या या फेरफारापेक्षा रोजच्या जगण्यावर अधिक परिणाम करणारा बदल वेगळा आहे. संकेत रोडावले की श्रवणमार्गातल्या पेशी आपली संवेदनशीलता वाढवतात. एरवी या मार्गात उत्तेजन देणाऱ्या जोडांइतकेच दाबून धरणारे जोडही महत्त्वाचे असतात. गाबा आणि ग्लायसिन या रसायनांनी चालणारे हे जोड नको ते संकेत अडवतात आणि हव्या त्या संकेताची कड धारदार ठेवतात. कानाकडून येणारा ओघ आटला की हा दाब सैल पडतो, उत्तेजक जोड बळावतात, आणि पेशींच्या सरासरी कामाची पातळी पूर्वीच्या आसपास येते. संशोधक याला 'सेंट्रल गेन' म्हणतात. लांबचे स्टेशन लावताना रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसे इथे होते.

ही वाढ किती दूर जाऊ शकते हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डमधील एका संशोधनात दिसले. उंदरांच्या एका कानातले श्रवणचेतेचे ९५ टक्क्यांहून अधिक तंतू औषधाने नष्ट करण्यात आले. मेंदूच्या देठातून उमटणारा विद्युत् प्रतिसाद जवळजवळ नाहीसा झाला. तरी काही आठवड्यांत पृष्ठभागावरच्या श्रवणविभागातल्या पेशी आवाजाला पुन्हा प्रतिसाद देऊ लागल्या आणि आवाज आहे की नाही हे त्या उंदरांना कळू लागले. मूठभर तंतूंवर मेंदूने एवढे साधले. पण आवाजातले मिलीसेकंदांचे चढउतार, बोलण्यासारख्या गुंतागुंतीच्या ध्वनींचा आकृतिबंध यांत तशी सुधारणा झाली नाही. आवाज येणे आणि शब्द कळणे या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या रीतीने सावरतात, आणि पहिली दुसरीपेक्षा पुष्कळ सोपी आहे.

त्यामुळे ऑडिओमेट्रीचा आलेख नेहमीच्या मर्यादेत असलेला माणूसही लग्नाच्या हॉलमध्ये किंवा लोकलच्या डब्यात समोरच्याचे बोलणे समजत नाही म्हणून हैराण असू शकतो. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, रोमपेशीही शाबूत होत्या. पण उंच पट्टीच्या भागात रोमपेशी आणि श्रवणचेता यांच्यातले जवळपास निम्मे जोड कायमचे गेले होते. शांत खोलीतल्या चाचणीत ही हानी पकडली जात नाही, कारण मंद 'बीप' ओळखायला थोडे तंतू पुरतात आणि उरलेली तूट मेंदू भरून काढतो. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायला मात्र पुष्कळ तंतू लागतात. माणसांत अशी छुपी हानी जिवंतपणी कशी मोजावी यावर अजून एकमत नाही. पण 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढे म्हणून अशा माणसाची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

कर्णनाद, म्हणजे बाहेर काही नसताना कानात शिट्टी, गुणगुण किंवा घूं असा आवाज येत राहणे, हा या जुळवाजुळवीचा सर्वांत त्रासदायक परिणाम असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. तो कानात जाणवतो, तरी श्रवणचेता कापल्यावरही अनेक रुग्णांचा कर्णनाद थांबलेला नाही. याचा अर्थ तो आवाज मेंदूत तयार होत असतो. चेतापेशी शांततेतही अधूनमधून संकेत सोडतच असतात. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. रोजच्या आवाजांखाली दडलेली ही पार्श्वभूमी संवेदनशीलता वाढली की वर येते. २०१२ मधल्या एका प्रयोगात १८ निरोगी लोकांनी सात दिवस एका कानात बोळा घातला. त्यांतल्या १४ जणांना त्या काळात कानात आवाज ऐकू येऊ लागले, आणि बोळा काढल्यावर ते थांबले. आठवडाभराच्या अशाच एका दुसऱ्या प्रयोगात बोळा घातलेल्या कानाचा, मोठ्या आवाजाला आकसून प्रतिसाद देणारा स्नायू पूर्वीपेक्षा कमी तीव्रतेच्या आवाजाला आकसू लागल्याचे मोजले गेले. मेंदूच्या देठातली संवेदनशीलता सात दिवसांत बदलते, याचा हा थेट पुरावा.

बहिरेपण आलेल्या प्रत्येकाला कर्णनाद होत नाही, आणि होतो त्या प्रत्येकाचे जगणे त्याने विस्कटत नाही. त्या आवाजाकडे लक्ष किती जाते, त्याची भीती किती वाटते, झोप किती मोडते यावर त्रास ठरतो, आणि हे ठरवणारे विभाग श्रवणमार्गाबाहेरचे आहेत. म्हणूनच विचार आणि वागणुकीच्या सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत इथे उपयोगी पडते. आवाज गेला नाही तरी त्याची पकड सैल होते. ज्यांना बहिरेपणही आहे त्यांच्यापैकी अनेकांना श्रवणयंत्रानेही बरे वाटते. हरवलेला ओघ काही अंशी परत मिळाला की मेंदूला आवाज वाढवण्याची गरज कमी भासत असावी. 'यावर काही इलाज नाही, सवय करा' हे वाक्य मात्र अजूनही अनेक दवाखान्यांत ऐकायला मिळते. ते चुकीचे आहे आणि रुग्णाला खचवणारे आहे.

आवाज कुठून आला हे ओळखण्यासाठी मेंदू दोन्ही कानांची तुलना करतो. एका कानावर आवाज दुसऱ्याच्या आधी १० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे एका सेकंदाच्या एक लक्षांश भागाने पोहोचला, तरी माणसाला तो फरक टिपता येतो. एक कान अधू झाला की ही तुलनाच बिघडते. स्टॅनफर्डमधील एरिक क्नुडसेन यांनी १९८० च्या दशकात गव्हाणी घुबडांच्या एका कानात बोळा घालून याचा अभ्यास केला. हे घुबड मिट्ट काळोखात नुसत्या आवाजावर उंदीर पकडते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलांचा नेम आधी चुकला, पण काही आठवड्यांत त्यांनी बोळ्यासकट अचूक नेम साधला. मोठ्या घुबडांना ते जमले नाही. प्रौढ माणसे त्यांच्याइतकी हटवादी नसतात. नेदरलँड्समध्ये १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात काही जणांच्या कानाच्या पाळीत साचे बसवून तिचा आकार बदलला. आवाज वरून येतो की खालून हे त्यांना सुरुवातीला कळेना, पण काही आठवड्यांत ते पुन्हा कळू लागले. आणि साचे काढल्यावर जुने कसब लगेच हजर होते. नवे शिकताना मेंदूने जुने पुसले नव्हते.

आपल्याकडे कान फुटणे, कान वाहणे किंवा पडद्यामागे पाणी साठणे हे लहान मुलांचे नेहमीचे दुखणे समजून सोडून दिले जाते. ऐन वाढीच्या वयात महिनोन् महिने असे कमी ऐकू आले, तर कान बरा झाल्यावरही काही मुलांना गोंगाटातून बोलणे वेगळे काढायला त्रास होतो. हा त्रास बहुधा हळूहळू कमी होतो, पण त्याला वर्षे लागू शकतात, आणि शाळेची ती वर्षे परत येत नाहीत.

जन्मतः बहिऱ्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे तयार झालेला मार्ग बदलायचा नसतो, तो घडायचाच असतो. गर्भातल्या बाळाला सातव्या महिन्याच्या सुमारास ऐकू येऊ लागते. नवजात बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात, हे १९८० मध्ये प्रयोगाने दिसले. बहिऱ्या बाळाचा श्रवणमार्ग या सगळ्याविना वाढतो. जन्मतः बहिऱ्या पांढऱ्या मांजरांत श्रवणचेतेचे मेंदूच्या देठातले मोठे जोड चपटे आणि विकृत असतात. २००५ मध्ये डेव्हिड र्युगो आणि सहकाऱ्यांनी अशा तीन महिन्यांच्या पिलांना कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे श्रवणचेतेला थेट विद्युत्संकेत देणारे यंत्र, बसवून काही महिने आवाज ऐकवले, तेव्हा ते जोड ऐकू येणाऱ्या मांजरांसारखे दिसू लागले. आवाज पोहोचला तसा मार्ग घडत गेला.

माणसांत याचे माप मेंदूच्या पी-१ या लहरीने घेता येते. आवाजानंतर ही लहर नवजात बाळात सुमारे ३०० मिलीसेकंदांनी उमटते, तर प्रौढात सुमारे ६० मिलीसेकंदांनी. मधला प्रवास ऐकत ऐकत होतो. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जन्मतः बहिऱ्या आणि इम्प्लांट बसवलेल्या १०४ मुलांची ही लहर तपासली. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या मुलांची लहर काही महिन्यांत त्यांच्या वयाला साजेशी झाली. सात वर्षांनंतर इम्प्लांट मिळालेल्या बहुतेक मुलांची लहर वर्षे गेली तरी मागेच राहिली. एकाच कानाला इम्प्लांट दिले आणि दुसऱ्याला बऱ्याच काळाने दिले तर मेंदू पहिल्या कानाकडे झुकतो, हेही टोरांटोमधील अभ्यासांत दिसले. दीड वर्षाहून अधिक अंतर पडले तर हा कल सरळ करणे कठीण जाते.

वाट पाहणारा श्रवणविभाग दरम्यान रिकामा बसत नाही. जन्मतः बहिरी मांजरे नजरेच्या कडेला हललेली वस्तू ऐकू येणाऱ्या मांजरांपेक्षा चांगली टिपतात. स्टीफन लोम्बर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्यांच्या श्रवणविभागाचे ठरावीक भाग तात्पुरते थंड करून बंद पाडले, तेव्हा हे जादा कसब नाहीसे झाले. म्हणजे ऐकण्याची जागा पाहण्याच्या कामी लागली होती. बहिऱ्या माणसांत सांकेतिक भाषा पाहताना श्रवणविभाग जागा होतो. यावरून काही तज्ज्ञ पूर्वी पालकांना सांगत, की मुलाला खुणांची भाषा शिकवू नका, नाहीतर ती जागा डोळ्यांना जाईल. हा सल्ला पुराव्याला धरून नाही. जन्मापासून सांकेतिक भाषा मिळालेली मुले इम्प्लांटनंतर बोलीभाषाही चांगली शिकल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. खरा धोका कोणतीच भाषा न मिळता सरलेल्या वर्षांचा आहे.

भारतात नवजात बाळांची श्रवणचाचणी अजून सर्वत्र होत नाही. 'बोलेल सावकाश, त्याचा बापही उशिरा बोलला होता' या धीरात अनेक घरांत दोन-तीन वर्षे निघून जातात. ओएई ही चाचणी काही मिनिटांत होते आणि बेरा चाचणी बाळ झोपेत असताना करता येते. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत कॉक्लियर इम्प्लांट मिळते आणि १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे काम पाहते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी या योजनेत पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. तिचे कारण याच श्रवणमार्गात आहे. मुंबईतील शल्यविशारद मिलिंद कीर्तने यांचे नाव भारतातल्या या शस्त्रक्रियेशी जोडलेले आहे. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. त्यापुढे यंत्राचे मॅपिंग म्हणजे संकेतांची जुळणी, स्पीच थेरपी आणि घरातल्या माणसांनी दिवसभर मुलाशी बोलणे हे वर्षानुवर्षे चालते, आणि मार्ग घडतो तो त्यात.

जनुकीय उपचारांनीही हाच प्रश्न नव्याने पुढे आणला आहे. ओटोफर्लिन हे प्रथिन नसेल तर रोमपेशी धडधाकट असूनही संकेत पुढे जात नाही. चीनमध्ये या दोषाच्या सहा मुलांच्या कानात जनुक सोडण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या अहवालानुसार त्यांतल्या पाच जणांना ऐकू येऊ लागले. कान दुरुस्त झाला तरी पलीकडचा मार्ग किती वर्षे मुका राहिला आहे हे इथेही पाहावे लागेल.

बोलायला शिकल्यानंतर बहिरी झालेली प्रौढ माणसे या बाबतीत सुदैवी, कारण त्यांचा मार्ग आधीच घडलेला असतो. इम्प्लांटमध्ये साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात आणि त्यांना हजारो रोमपेशींचे काम करायचे असते. पहिल्या दिवशी बोलणे यंत्रमानवासारखे किंवा चिरके वाटते. काही महिन्यांत तेच बोलणे घरच्या माणसाचे वाटू लागते. यंत्रातून येणारा संकेत तसाच तोकडा असतो. स्मरणातल्या शब्दांशी त्याची सांगड घालायला मेंदू शिकलेला असतो. यात डोळ्यांची मदत मोठी. आवाज न ऐकता नुसते ओठ पाहिले तरी श्रवणविभाग जागा होतो, हे १९९७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांतून दिसले. कोविडच्या काळात सगळ्यांचे ओठ मास्कमागे गेले, तेव्हा कमी ऐकू येणाऱ्यांची किती कोंडी झाली ते यावरून समजते.

म्हातारपणी येणारे बहिरेपण दहा-पंधरा वर्षांत इतके हळू येते, की मेंदू आपल्या सवयी बदलून बसतो. अर्धवट ऐकलेले वाक्य पूर्ण करायला कपाळामागचे, लक्ष आणि स्मरण सांभाळणारे विभाग कामाला लागतात. संध्याकाळपर्यंत माणूस थकतो, गर्दीचे कार्यक्रम टाळू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत जगात सुमारे अडीच अब्ज लोकांना कमी-अधिक बहिरेपण असेल. बहिरेपणाचा संबंध स्मृतिभ्रंशाशीही दिसतो. श्रवणयंत्राने तो टळतो का हे तपासायला अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षांची चाचणी झाली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सगळा गट मिळून फरक दिसला नाही. पण आकलनशक्ती घसरण्याचा धोका आधीपासून जास्त असलेल्या गटात ही घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे श्रवणयंत्र प्रत्येकाचा स्मृतिभ्रंश टाळते असे म्हणता येत नाही, आणि ते नुसते सोयीचे साधन आहे असेही नाही.

नवे श्रवणयंत्र लावल्यावर ताटवाट्यांचा आवाज कर्कश वाटतो, पंख्याची घरघर नको होते, स्वतःचा आवाज परका वाटतो. वर्षानुवर्षे संवेदनशीलता वाढवून बसलेल्या मेंदूवर एकदम पूर्ण ओघ येऊन आदळतो. याच पहिल्या आठवड्यांत बरीच यंत्रे डबीत जाऊन पडतात. म्हणून जाणकार ऑडिओलॉजिस्ट यंत्राची पातळी सुरुवातीला कमी ठेवतो आणि काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवतो. रोज लावले तर पुढच्या आठवड्या-महिन्यांत पंखा मागे सरतो आणि बोलणे पुढे येते. घरच्यांनी ओरडून बोलण्याने मात्र काही साधत नाही, कारण ओरडताना स्वरच मोठे होतात, व्यंजने तिथेच राहतात. उजेडात, समोर बसून, चेहरा दिसेल असे आणि जरा सावकाश बोलले की डोळे आणि कान मिळून तेच वाक्य पुरे करतात.